मानधन देणारा अंक

३ जून
आले एकदाची नागपुरात! इतवारीत भांड्यांच्या दुकानावरची खोली मिळाली आहे. खाली दिवसभर घागरी आणि डबे आदळत असतात, हातगाडीवाले एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करत असतात, आणि त्या कल्लोळात खिडकीशी टेबल लावून मी ऐटीत बसले आहे. झकास वाटतंय. घरमालकीण कामिनीताई पलीकडच्याच खोलीत राहतात. एकट्या आहेत, बोलक्या आहेत, वाचनालयातून पिशवी भरभरून मासिकं आणतात. मी कथा लिहिते म्हटल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी जेवायला घातलं आणि माझी सगळी हकीकत काढून घेतली. आम्ही खाप्याचे कोष्टी, बाबा गेल्यापासून घरातला माग बंद, आई अजूनही दुसऱ्यांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरून देते, भाऊ जितेंद्र कोळशाच्या खाणीत कामाला. सगळं सांगून टाकलं. ऐकणारं माणूस भेटलं की मला राहवत नाही.

सावनेरच्या पतसंस्थेतली नोकरी सोडून आले आहे. सकाळी एका छपाईच्या दुकानात लग्नपत्रिका टाइप करायच्या, दुपारनंतर स्वतःचं लिहायचं. निघताना जितेंद्रने विचारलं होतं, "फुकट लिहाले नागपूरले काहून जाऊन राहिली वं? खाप्यात कागद नाही भेटत काय?" मला त्याला उत्तर द्यायचं आहे. या दिवाळीला माझी कथा मानधन देणाऱ्या अंकात आली पाहिजे. बस्स.

१२ जून
दिवाळी अंकांच्या संपादकांना फोन करणं हा एक वेगळाच छळ आहे. एकाने सांगितलं, मानधन नाही, पण अंक भेट देऊ, टपालखर्च तुमचा. दुसऱ्याचं म्हणणं, प्रसिद्धी हेच मानधन. एका 'प्रातिनिधिक कथासंग्रहा'ने उलट माझ्याकडेच सहभाग शुल्क मागितलं आणि वर प्रमाणपत्राचं आमिष दाखवलं. छापणाऱ्याला पैसे, कागदवाल्याला पैसे, गठ्ठे पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याला पैसे, आणि जिने लिहिलं तिला नारळ!

शिवाय यांचा नियम, कथा एकाच वेळी दुसरीकडे पाठवलेली नसावी. हा नियम पाळणारा लेखक मी तरी पाहिलेला नाही. नकारसुद्धा न कळवणाऱ्या लोकांसाठी कोण कथा अडवून ठेवणार? माझी 'कांडी' मी सापडेल त्या पत्त्यावर पाठवून दिली आहे, परतीचा पत्ता खाप्याच्या घराचा टाकून. ती आईची कथा आहे. बाबांच्या बंद पडलेल्या मागाला आई रोज सकाळी झाडता झाडता शिव्या घालते, "उठ नं गा आळश्या, दिस कुठं आला पाय," असं नवऱ्याला बोलावं तसं बोलते, त्याची गोष्ट. माझ्या हातून झालेली सगळ्यात चांगली कथा.

२२ जून
सापडला! कामिनीताईंच्या पिशवीत एक जुना दिवाळी अंक होता, 'सरवा' नावाचा. कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसं वेचतात, तो सरवा. कार्यालय इथेच इतवारीत, सराफ्याच्या मागच्या गल्लीत. संपादक उन्मेष सर माझ्याच वयाचे, कपडे स्वच्छ, बोलणं मऊ. कथा स्वीकारली की लगेच मानधन, छापून यायची वाट बघायची नाही. मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

अट एकच. कथा जिवंत माणसाची हवी, आणि त्या माणसाचं खरं नाव आणि पत्ता कार्यालयाला द्यायचा. त्यांनी सांगितलं की बनावट माणूस त्यांना चालत नाही, शहानिशा करायला ते स्वतः जाऊन भेटतात. मला तर कौतुकच वाटलं. इतकी मेहनत करणारा संपादक कुठे असतो?

खाप्याच्या आमच्या गल्लीतल्या कवडूबाबांची कथा दिली. म्हातारा गल्लीतल्या प्रत्येकाला टोपणनाव ठेवतो, खऱ्या नावाने कुणाला हाकच मारत नाही. मी 'चिमटी'.

२९ जून
मानधन खात्यात आलं. कामिनीताईंना कोथिंबिरीने गच्च भरलेली सांबारवडी खाऊ घातली. त्या मला खोदून खोदून विचारत होत्या की कथा सुचते कशी, पाठवायची कशी, पत्ता कोणता. मी गुरुजी होऊन सगळं शिकवलं.

६ जुलै
'सरवा'कडून कथेचं मुद्रित आलं, तपासायला. वाचता वाचता थबकले. कवडूबाबांची पहिली बायको कन्हानच्या पुरात गेली, तेव्हापासून खऱ्या नावाने हाक मारायची त्यांना भीती वाटते, खरं नाव घेतलं की माणूस जातं असं वाटतं, असा एक परिच्छेद त्यात आहे. मी हे लिहिलेलं नाही. मला हे माहीतच नव्हतं.

उन्मेष सरांना फोन केला. ते म्हणाले, भेटीत जे मिळालं ते घातलं, नाव तुमचंच राहील. परिच्छेद इतका सुंदर आहे की मी तो तसाच ठेवला. उद्या लोक वाचतील आणि वाहवा माझी करतील. मला ती हवी आहे, खोटं कशाला बोलू?

१३ जुलै
खाप्याला जाऊन आले. कवडूबाबा ओट्यावर बसले होते. मी समोर उभी राहिले, चिमटी आली म्हटलं. त्यांनी हात जोडले. "बसा बाई," म्हणाले. सून सांगत होती की पांढऱ्या गाडीतून एक साहेब आले, चहा घेतला, तासभर गोष्टी ऐकल्या, लय गुणाचा माणूस. तेव्हापासून बाबा कुणालाच कोणत्याच नावाने हाक मारत नाहीत. जेवायला दिलं की जेवतात. डॉक्टर वयाचं कारण सांगतात.

वयच असेल. ऐंशीच्या घरातलं माणूस.

आईने सोबत चिवडा बांधून दिला आणि मागाला माझ्यादेखत चार शिव्या घातल्या. बरं वाटलं.

२१ जुलै
'सरवा'ला दुसरी कथा दिली. देवकीची. माझी शाळेतली मैत्रीण, सावनेरला दिलेली. लग्नाआधीचं तिचं एक प्रकरण होतं, ते जगात फक्त मला माहीत. देताना मनात कवडूबाबा आले होते. आले, आणि मी त्यांना बाजूला सारलं. विसरली तर बरंच की, किती वर्षं रडतेय, असंही मनात आलं. हे लिहिताना माझीच मला किळस येते आहे, पण कथा परत मागितलेली नाही.

२ ऑगस्ट
देवकीला फोन केला. आवाज अगदी छान, हसरा. मी लग्नाआधीच्या त्या मुलाचं नाव घेतलं. तिने विचारलं, "कोण गा तो?"

बाईमाणसाला कुणी गा म्हणत नाही. म्हणजे आपण बाईशी बोलतोय की पुरुषाशी, हेही तिला कळत नव्हतं. मी प्रीती बोलतेय म्हटलं तर तिने "बरं बरं" म्हणून फोन नवऱ्याकडे दिला.

त्याचं नाव विसरली ते समजू शकते. पण त्यात मीही होते. आम्ही दोघी नदीवर बसून रडलो होतो. तेही गेलं. मुद्रित आलंय. त्यात आम्ही दोघी बसलो आहोत, अगदी जिवंत. देवकी असली तर तिथेच आहे आता.

आता पुरे. 'सरवा'ला पुन्हा एक ओळ देणार नाही.

९ ऑगस्ट
सांगायला गेले होते. उन्मेष सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'कांडी' फार आवडली.

मी 'सरवा'ला 'कांडी' दिलेली नाही. ते म्हणाले की तो प्रातिनिधिक कथासंग्रहही त्यांचाच, जूनमध्ये तुम्हीच पाठवली होती. शुल्काची गरज नाही, कथा मोठी आहे, उलट दुप्पट मानधन देतो. जमासुद्धा केलं आहे. मी ओरडले, परत करते, कथा मागे घेते. त्यांनी वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. शहानिशा कालच झाली, म्हणाले. आईंनी पोहे फार छान केले होते.

सापडेल त्या पत्त्यावर! माझीच अक्कल!

१० ऑगस्ट
पहिल्या गाडीने खाप्याला गेले.

आई दारातच होती. ओळखलं तिने मला, म्हणजे नाव घेतलं. जितेंद्रचंही घेते. कांड्या भरते, हात चालतात. मी तिला मागाजवळ नेलं. काहीतरी बोल म्हटलं त्याला, शिव्या घाल. तिने त्याचं एक लाकूड ठोकून पाहिलं.

"हे लाकडं कायचे वं? जाळाले आणले काय?"

बाबांचा फोटो दाखवला तर चांगला आहे म्हणाली.

जितेंद्रने मला स्टँडवर आणून सोडलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ ऑगस्ट
आईचं मुद्रित आलं. जाळायला घेतलं, जाळता आलं नाही. आई त्यातच आहे. मागाला शिव्या देते आहे, आणि मला कधीच न कळलेलं एक आहे त्यात. बाबा गेले त्या सकाळी तिने मागाला हात लावून विचारलं होतं, आता आपलं दोघांचं कसं. हे तिने आयुष्यभर कुणाला सांगितलं नाही. त्या माणसाने पोहे खाता खाता काढून घेतलं.

आणि कथा — कथा अप्रतिम झाली आहे. हे मला दिसतं याचीच चीड येते.

१९ ऑगस्ट
कार्यालय बंद. फोन लागत नाही. शेजारचा सराफ म्हणतो, साहेब फिरतीवर आहेत, सध्या अंकाचे दिवस.

कामाला गेले नाही. कामिनीताई जेवण आणून देतात. आज त्या भारी खुशीत होत्या. त्यांनीही कथा लिहिली म्हणे, पहिलीच, आणि स्वीकारलीसुद्धा, मानधनासकट. "तुह्याच्यानंच झालं हे, छापून आली की तुलेच पयले दाखवीन," म्हणाल्या. मी विचारलं, कुठे दिली. 'सरवा'ला.

मी हात जोडले, कुणाचं नाव दिलंत, परत मागा. त्या नुसत्या हसल्या. तुझा जीव जळून राहिला, म्हणाल्या.

२१ ऑगस्ट
कामिनीताईंचा नवरा वारला आहे. मूलबाळ नाही. माहेरचं कुणी उरलेलं नाही. मग लिहिलं कुणावर? मासिकं वाचणाऱ्या एकट्या बाईला जिवंत माणूस कोण भेटतं? —

पहिल्या दिवशी जेवायला बसवून —
सगळी हकीकत —

जायला हवं इथून. पण खाप्यात तरी कोण आहे?

२३ ऑगस्ट
आज मारबत, पोळ्याचा दुसरा दिवस. सकाळपासून सगळी इतवारी रस्त्यावर, इडापिडा गावाबाहेर नेऊन जाळायचे पुतळे निघालेत, पोरं ओरडताहेत घेऊन जा गे मारबत. बॅग भरून खाली उतरले, दारातून पाऊल टाकायला जागा नाही. माणसांची भिंत. परत वर आले.

खिडकीतून उन्मेष सर दिसले. गर्दीतून येताहेत, कपडे स्वच्छ, काखेत फाइल. लोक त्यांना वाट देताहेत.

कामिनीताई जिन्यावरून हाक मारताहेत, पाहुणे आले वं, चहा टाकते —

कडी लावली आहे. लिहून ठेवते. मी प्रीती. खाप्याची. आई वच्छला, बाबा मनोहरराव. आमचा माग दाराच्या उजव्या — डाव्या —

कडी लावली होती. ते खुर्चीवर बसले आहेत. म्हणाले, लिहा लिहा, घाई नाही. आणि मग म्हणाले, लहानपणापासून सांगा.

सांगते आहे. थांबता येत नाही. ऐकणारं माणूस —

नदीवर कोणीतरी माझ्याजवळ बसून रडत —

एकच विचारायचं आहे. कामिनीताईंना माझे किती दिले, एवढं तरी