सरळ विटांची गोल विहीर

११ ऑक्टोबर १९५६, गुरुवार
रेवसच्या लाँच-तिकिटांचा भरणा मुंबईच्या कचेरीत दिला. परतीच्या लाँचला तीन तास होते म्हणून जुन्या बाजारात हिंडलो. एका दुकानात गंजक्या कंदिलांच्या मागे लाकडी खोका दिसला. सरकतं झाकण. आत खेळण्यातल्या विटा, पण लाकडाच्या नव्हेत, दगडासारख्या. तांबड्या, दुधी, निळसर. मोठ्यात मोठी बोटाएवढी. हातात गार लागतात, जवसाच्या तेलाचा वास येतो. जर्मन बनावट. सोबत चित्रांचं पुस्तक.
दुकानदारानं विचारलं, नातवासाठी का? हो म्हणालो. नातू कुठला, मुलीच्या, कुसुमच्या, लग्नाला अजून वर्षही झालेलं नाही. शेहेचाळिसाव्या वर्षी माणूस स्वतःसाठी खेळणं घेतो हे सांगायची लाज.
घासाघीस केली नाही. आयुष्यात प्रथमच.

१२ ऑक्टो.
सौ.नं विचारलं हे कोणासाठी. माझ्यासाठी, म्हटलं. तिनं एकदा खोक्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बोंबील साफ करायला गेली.

१४ ऑक्टो., रविवार
सुट्टी. सकाळपासून पाटावर बसून पुस्तकातला दरवाजा बांधला. तीनदा पडला. चौथ्यांदा भिंत वीतभर चढली आणि मधोमध उभी फाटून दोन्हीकडे गेली.
सौ. दारात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सांध्यावर सांधा आलाय. पडनारच."
म्हटलं, म्हणजे काय? सूप खाली ठेवून आली, पदर खोचला, दोन थर रचून दाखवले. खालच्या दोन विटांचा सांधा जिथे, तिथे वरच्या विटेचं पोट आलं पाहिजे. सांधा मोडायचा असतो, म्हणाली.
कुठे शिकलीस, असं विचारणार होतो. विचारलं नाही. मला ठाऊक आहे कुठे. तिचे वडील थळचे गवंडी. लग्नात आमच्या आईनं सगळ्यांना सांगितलं होतं, व्याही बांधकामाचे कंत्राटदार आहेत. तेच पुढे घरात चालू राहिलं. आई गेली, सासरे गेले, तरी चालू आहे.

२० ऑक्टो.
खोका आता तिचा झालाय. मी फक्त विटा पुसतो.
दुपारी ऑफिसातून जेवायला आलो तर पाटावर कमानीचा पूल. कमानीखाली आधाराला आगपेट्या. माझ्यादेखत एकेक पेटी ओढून काढली. पूल जागचा हलला नाही. ती हसली नाही, मीच हसलो.
एक गोष्ट लक्षात आली. चारचौघांत ती आमच्या घरचं बोलते, शुद्ध. विटांपाशी बसली की थळचं येतं. हाय, न्हाय. आईनं मोडलेली सवय.

२५ ऑक्टो., गुरु.
मुंबई. त्याच दुकानात दुसरा खोका मिळाला, अर्धा रिकामा, झाकण फुटकं. त्यातल्या कमानी हव्या होत्या. दुकानदार म्हणाला, नातू फार हुशार दिसतो. या वेळी खरं सांगितलं, आम्हीच खेळतो, मी आणि बायको. त्याला हसू आलं नाही. वर एक मूठभर सुट्या निळ्या विटा कागदात बांधून दिल्या.

५ नोव्हेंबर
दोन खोक्यांतून एक पुरा केला. उरलेल्या विटा, दुहेरी पडलेल्या, नीट लावून फुटक्या झाकणाला पट्टी मारून अलिबागच्या डॉक्टरांना विकल्या. त्यांना टेबलावर ठेवायला काहीतरी परदेशी हवं होतं. दोन्ही खोक्यांचा खर्च त्यातच सुटला. बाजारात एक गोष्ट घेऊन दुसरी विकणं मला जमेल असं कधी वाटलं नव्हतं. आमच्या घराण्यात सगळे पगारी.

८ नोव्हें.
चित्रांचं पुस्तक तिकिटाच्या खिडकीशी उघडं होतं. बाहेरून एक म्हातारे पारशी गृहस्थ वाकून बघत राहिले, मागे रांग. "आ चोपडी क्यांथी मळी, मिस्टर?" मला आधी वाटलं तिकिटाचं विचारतायत, ते पुस्तक कुठून मिळालं म्हणून विचारत होते. सोराबशेठ नाव. किहीमला त्यांचा बंगला आहे, थंडीत येऊन राहतात. त्यांच्याकडे अशाच विटांचे पाच खोके. लहानपणापासूनचे. म्हणाले, पूर्ण कुलाबा जिल्ह्यात आपणच एकटे वेडे आहोत असं त्यांना वाटत होतं. अठराला, रविवारी, रेवसला येऊन बघणार म्हणतात.

१८ नोव्हें., रवि.
आजचं खरं लिहायचं आहे.
आठ दिवस सौ. विहीर बांधत होती. थळला तिच्या वडिलांनी बांधलेली आहे, तशीच. गोल, खाली उतरायला कमानीचं दार, आणि वर काठावरून आत डोकावणारे दोन दगड, रहाट बसवायला. विटा सगळ्या सरळ, विहीर मात्र गोल. दोऱ्याला कपाटाची चावी बांधून ओळंबा केला होता. डोकावणाऱ्या दगडाच्या शेपटावर, मागच्या टोकावर, आधी वजन द्यायचं, मग तोंड पुढे काढायचं, असं पुटपुटत बसायची.
सोराबशेठ आले. खुर्चीवर बसलेच नाहीत, चष्मा काढून पाटाशी गुडघे टेकले. सत्तरीचा माणूस. एकेक सांधा बोटानं चाचपला. मग मला म्हणाले, "केशवराव, हे तमे केला?"
मी म्हणालो, "असंच, सुट्टीत."
खोटं नाही. पण खरंही नाही. तोंडातून का निघालं? बायकोनं म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, कुठे शिकल्या. मग गवंडी. आईनं झाकलेलं चोवीस वर्षांनंतरही माझ्या जिभेवर झाकण होऊन बसलं.
सौ. त्याच वेळी चहा घेऊन आली. कप ठेवला, आत गेली. सोराबशेठ माझ्या हातांची तारीफ करत राहिले. २ डिसेंबरला किहीमला बोलावलंय. मुंबईचे चार मित्र येणार, त्यांच्यासमोर विहीर बांधून दाखवायची. मी हो म्हणालो.

१९ नोव्हें.
जेवायला आलो तर पाट रिकामा. विटा पुसून, रंगवार, पुस्तकातल्या नकाशाप्रमाणे खोक्यात लावलेल्या. एकही तिरपी नाही. झाकण बंद.
विचारलं, मोडलीस का? म्हणाली, "तुम्हाला बांधायची आहे ना." शुद्ध.

२४ नोव्हें.
पाच दिवस प्रयत्न. गोल येतो. दार येतं. काठाचे दगड पुढे काढले की सगळं आत कोसळतं. ती समोर बसून शेवग्याच्या शेंगा सोलते. बघत नाही. भांडली असती तर बरं. भाजीत मीठ बरोबर, कपडे धुतलेले, बोलणं कामापुरतं.

२९ नोव्हें., गुरु.
मुंबईला गेलो, बाजारात गेलो नाही. लाँचवर विचार केला, ताप आला म्हणून कळवावं. पण मग रविवारी टळेल, पुढच्या रविवारी काय?
परत आल्यावर तिला म्हटलं, तू चल किहीमला. म्हणाली, मला बोलावलेलं नाही.

२ डिसें., रवि.
एस.टी.नं किहीम. मांडीवर खोका. बंगल्याच्या व्हरांड्यात मोठं टेबल, हिरवं कापड, भोवती खुर्च्या. चार गृहस्थ, एक वकील, एक बोटीवरचा निवृत्त इंजिनियर, बाकी दोघे व्यापारी. सगळे लहान पोरांसारखे पुढे सरकून बसलेले. सोराबशेठनी ओळख करून दिली, रेवसचे कारागीर.
झाकण सरकवलं. पहिली वीट हातात घेतली आणि परत ठेवली. उभा राहिलो.
म्हणालो, "ही विहीर मी बांधली नव्हती. माझ्या पत्नीनं बांधली. तिचे वडील थळचे गवंडी होते, त्यांच्याकडून ती शिकली. मी त्या दिवशी सांगितलं नाही, ती माझी चूक."
वाटलं आता खोका उचलून निघावं. इंजिनियर दुसरीकडे बघू लागले, माझ्यासाठी अवघडले असावेत. सोराबशेठ मात्र रागावले. पण ज्याची भीती होती त्यासाठी नाही, तिला सोबत आणलं नाही म्हणून. "तो पछी बाईने का नाय लाव्या? अमे सगळे अहिंया बेठा छीए!"
त्या सगळ्यांना ती हवी होती. मी उगाच दोन आठवडे मेलो.
सोराबशेठनी नाव विचारलं. यमुना, म्हटलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.
घरी येऊन तिला सगळं सांगितलं, उभ्यानंच. ती चुलीपाशी होती. ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "बाचं नाव सांगितलंत?"
सांगितलं नव्हतं. गवंडी म्हणालो, नाव नाही. म्हटलं, रामा...
"रामा न्हाय. रामजी. रामजी मिस्त्री म्हनत त्याला लोक."
चोवीस वर्षं जावई होतो मी त्यांचा.

३ डिसें.
खिडकीत बसून दिवसभर तेच. लग्नपत्रिकेवर काय छापलं होतं आठवेना. आईनं बहुधा आडनावच टाकलं असेल.
सोराबशेठना पत्र लिहिलं. यमुनाच्या वडिलांचं नाव रामजी मिस्त्री, गाव थळ. त्यांनी बांधलेल्या विहिरीला आजही बारमाही पाणी आहे. एवढंच. पत्र पेटीत टाकताना छाती फुगली होती, जणू मीच कोणी मोठा.

६ डिसें.
यमुनानं खोका उघडला. माझ्याशी बोलली नाही फारशी, विटांशी बोलली. चालेल.

१६ डिसें., रवि.
किहीम. या वेळी निमंत्रण तिच्या नावानं आलं होतं, सोराबशेठच्या हातचं, मराठी अक्षर वाकडंतिकडं. तिनं घडी करून पोलक्यात ठेवलं. नेसायला विटकरी लुगडं काढलं, नवं नव्हे, धुवट. कामाला बसायचंय, म्हणाली.
खुर्ची नको म्हणून टेबल बाजूला करायला लावलं आणि व्हरांड्याच्या फरशीवर बसली. मग चारही गृहस्थ फरशीवर. पाटलोणींसकट.
आमचा खोका आणि सोराबशेठचे पाच. इतक्या विटा तिनं एकत्र कधी पाहिल्या नव्हत्या. पहिली काही मिनिटं नुसत्या हातानं चाळत होती, तांदळातून हात फिरवावा तशी. चार दुधी विटा उचलून बाजूला केल्या, यांच्या कडा गेल्यात, वजनाला धरनार न्हाईत. सोराबशेठ म्हणाले, सत्तावन्न वर्षं त्यांनी त्या चांगल्या म्हणून जपल्या.
मग बांधलं. विहीर नाही, विहीर सोराबशेठनी पाहिलीय, म्हणाली. रेवदंड्याचा पडका मनोरा घेतला, पण पडका नव्हे, पुरा. वरचे मजले कसे असतील ते कोणी पाहिलेलं नाही. तिला विचारलं तर म्हणाली, बा दाखवायचा, खालचं बघून वरचं कळतं.
सोराबशेठ हाताखाली. "तो नको, त्याच्या बाजूचा द्या," ती म्हणे, आणि ते देत. एकदा चुकीची दिली तर तिनं न बोलता परत केली. त्यांचा चेहरा शाळेतल्या मुलासारखा. मला कोणी काही मागितलं नाही. मी कठड्याशी उभा. इंजिनियर माझ्याकडे येऊन म्हणाले, तुम्ही भाग्यवान आहात. मी म्हणालो, आहे. नेहमी आपण अशा वेळी कसचं कसचं म्हणतो.
सातवा मजला चढला तेव्हा उन्हं उतरली होती. तिनं चावीचा ओळंबा धरून पाहिला, एका बाजूला सूतभर झुकलाय, म्हणाली. कोणालाच दिसेना. वरचे दोन मजले उतरवले आणि पुन्हा चढवले. चहा तीनदा गार झाला.

२० डिसें.
कुसुमचं पेणहून पत्र. सासरी बातमी पोचली, एस.टी.च्या कंडक्टरकडून. सासूबाईंनी विचारलं म्हणे, तुझे आजोबा गवंडी का? कुसुमनं लिहिलंय, काय सांगू?
यमुनाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुम्ही लिहा.
लिहिलं. हो म्हणून सांग. आणि नाव सांग. नाव खाली मोठ्या अक्षरात.

२९ डिसें.
सोराबशेठचा निरोप. मुंबईत त्यांच्या चुलतभावाकडे सगळ्यात मोठा खोका आहे, तीन थरांचा, पुलांच्या लांब कमानींसह. तो विकायचाय. एक दुकानदार मागतोय, पण यमुनाबाईंनी आधी बघावा, किती विटा धडक्या ते सांगावं, आणि हवा तर पहिला हक्क त्यांचा.
हिशेब मांडला. आमचा पहिला खोका विकला आणि थोडी भर घातली तर जमतं. पण पहिला विकायचा का, हे मी ठरवणार नाही. तिला म्हटलं, गुरुवारी मी जातोच आहे, बघून येतो.
"तुम्हाला काय कळतंय त्यातलं," म्हणाली. रागानं नाही. "मी जाते शनिवारी."
मुंबईला ती एकटी कधी गेलेली नाही.

५ जानेवारी १९५७, शनिवार
सकाळची लाँच. खिडकीतून माणसाचा नेहमी हातच आधी दिसतो. यमुनाचा हात, हिरव्या बांगड्या, अंगठ्याच्या बाजूला विटेनं घासल्याचा चट्टा. एक जायचं, एक यायचं, म्हणाली. घरच्यांना पास मिळतो, तो तिनं घेतला नाही. मागून एका ओळखीच्यानं विचारलं, वहिनी, एकट्याच? ती म्हणाली, कामाला चाललेय.
तिकिटं फाडून दिली. सुटे परत करताना दोनदा मोजले.
खोका तिच्याबरोबर, पिशवीत. विकायला की जुळवून बघायला, विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. लाँच सुटली तेव्हा ती उभ्याउभ्याच होती, बाकावर जागा असून.
दिवसभर गिऱ्हाईक बेताचं. दुपारी घरी गेलो नाही, खिडकीतच पाव खाल्ला.
आता संध्याकाळची लाँच खाडीच्या तोंडाशी आलीय. भरती आहे, थेट धक्क्याला लागेल. टपावर पाट्या, गाठोडी, एक काहीतरी मोठं चौकोनी, वर गोणपाट टाकलेलं. कोणाचं ते इथून कळत नाही. माणसंही अजून ओळखू येत नाहीत.
खिडकी लावतो. हमालाला आज बोलावणार नाही, जे असेल ते मीच उचलणार.