पाठ फिरवून सांगितलेली गोष्ट

प्रिय मामा,

तुला जाऊन चार महिने झाले आणि मी आज पहिल्यांदा लिहायला बसलो. काहून, तर काल मी तुझ्या गिरणीत जाऊन आलो. ड्रॅग शो बघायला! हसू नको. तिथून आल्यापासून डोक्यात एकच चालू आहे. गेल्या हिवाळ्यात तुझ्या स्वयंपाकघरात मी तुझ्याकडे पाठ फिरवून तुला एक गोष्ट सांगितली होती. ती तुला कळली होती का?

पण आधी गिरणीचं सांगतो, नाहीतर राहून जाईल.

तुझ्या गिरणीचं आता म्युझियम केलंय. तू एकोणीस वर्षं जिथं माग चालवले, त्या तुझ्या साचेखात्यात आता एसी आहे बाप्पा! आठ-दहा माग ठेवलेत, तुम्ही ज्यांना साचे म्हणायचे ते, भोवती लाल दोर, 'हात लावू नये' अशी पाटी. तुझा साचा कोणता असेल ते मी शोधत होतो. मधेच छताच्या जुन्या पंख्याकडे लक्ष गेलं. मग बाहेर कोणीतरी समोसे आणले, तिकडे गेलो. साचा राहिलाच. माझं तुला माहीत आहे. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातून उठलो तोही असाच. मग गोवा, मग मनाली, मग पुण्यात घरोघरी पार्सल. "हा पोट्टा म्हणजे बिनधाग्याचा धोटा आहे," तू म्हणायचा. "इकडून तिकडे नुसता पळते, विणत काही नाही."

मला निखिलनं नेलं होतं. माझा मित्र. दिवसा मिहानमधल्या कंपनीत कंप्युटरसमोर बसतो, काल प्राइडच्या कार्यक्रमात संत्राबाई झाला होता. केशरी शालू, नथ, कोपरापर्यंत बांगड्या. दोन साच्यांच्या मधे उभा राहून त्यानं माइक हातात घेतला.

"ओ पहिल्या रांगेतल्या काकू! माह्या शालूकडे काय पाहून राहिल्या? गांधीबागेतून आणला, भाव करून करून दुकानदाराले रडवलं!"

"खोटं नको बोलू वं," काकू खालून ओरडल्या, "मह्या पोरीच्या लग्नातला आहे तो. परत पाहिजे मले!"

अख्खं खातं हसलं. मीही हसलो असेन.

मग गाणं लागलं. निखिल गात नाही गा मामा. आवाज दुसऱ्याचा, ओठ याचे. सगळा खेळ ओठांचा. आणि मला एकदम वाटलं, इथं बसलेल्या सगळ्यांपेक्षा हे तुला जास्त कळलं असतं! साच्यांच्या खडखडाटानं तुझे कान चाळिशीच्या आत गेले. पण तुम्ही साचेवाले एकमेकांचे ओठ वाचूनच बोलायचे ना, खात्याच्या या टोकावरून त्या टोकाला. घरीही तसंच. तुझ्याशी बोलायचं तर समोर यायचं, तोंड नीट उघडायचं. मामी अजून तशीच बोलते. कोणाशीही. परवा भाजीवाल्याला "मेथी" असं काही म्हणाली की तो दोन पावलं मागे सरकला.

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत तू खडी गंमतीच्या नाच-तमाशात बाई व्हायचा. मामी स्वतः तुझा अंबाडा बांधायची, तोंडात पिना धरून. "माह्यापेक्षा तुमचाच पदर बरा राहते," म्हणायची, आणि पिना तोंडात असल्यामुळे ते तुला समजायचं नाही, म्हणून पुन्हा काढून म्हणायची. ढोलकी तुला ऐकू यायची नाही. तू ढोलकीवाल्याच्या हाताकडे बघत नाचायचा आणि एक ठेका चुकायचा नाही. मी सात वर्षांचा होतो. शेजारचा पोट्टा म्हणाला, "तुहा मामा बाई आहे का बे?" मी म्हणालो, माझा मामा घरी झोपला आहे, हा दुसराच कोणी.

ते तू पाहिलं होतं का? मी कुठल्या बाजूला तोंड करून बोललो होतो तेव्हा?

लुगडं नेसल्यावर तू फक्त नाचायचा की अजून काही होतं तुझ्या मनात? मी कधी विचारलं नाही. तूही कधी सांगितलं नाहीस. काय माणसं होतो आपण दोघं!

आता ती गोष्ट. मी मनालीहून आलो होतो, मामी देवळात गेली होती. तू जमिनीवर बसून संत्री सोलत होता. मी चहा ठेवला होता, तोंड शेगडीकडे. आणि मी मोठ्यानं, अगदी स्पष्ट म्हणालो, "मामा, मले पोरी नाही आवडत. पोट्टेच आवडतात. माह्या लग्नाचं नका काढू तुम्ही दोघं."

शेगडीवरच्या दुधाच्या गंजाला सांगितलं म्हण ना. तुला ऐकू येणार नाही हे माहीत होतं म्हणूनच तर एवढ्या मोठ्यानं सांगता आलं. वळलो तर तू माझ्याकडेच बघत होता.

"साखर टाक गा भाच्या," तू म्हणाला. बस.

त्यानंतर मामीनं लग्नाचा विषय काढला की तू हात आडवा करायचा. धागा तुटला, साचा थांबव, अशी तुमची ती खूण. पण ती तू त्या चहाच्या आधीपासून करायचा की नंतर करायला लागला? कितीही आठवलं तरी आठवत नाही मामा.

तू गेला तेव्हा मी पुण्यात होतो. सकाळी पोचलो. आयुष्यभर तू माझ्या पाया पडायचा, भाचा म्हणजे देव म्हणून, आणि मला कधी वाकू दिलं नाही. त्या दिवशी मी वाकलो तर मामी म्हणाली, "नाही राजा. भाच्यानं मामाच्या पाया नाही पडाव." मी अर्धा वाकलेला तसाच थांबलो. घाटावर समोर टाइल्सची जाहिरात होती, ती पूर्ण वाचली. रडू आलं नाही. अजूनही नाही आलं. काल निखिलच्या शेवटच्या गाण्याला लोक डोळे पुसत होते. मी समोशाचा कागद घडी करत होतो. असं काहून होते गा?

शो संपल्यावर एक म्हातारा पहारेकरी लोकांना दोराबाहेर काढत होता. मी विचारलं, काका, तुम्ही इथंच कामाला होते का? "तेवीस वर्षं. साच्यावर." मग मी तुझं नाव घेतलं.

"वसंता? गंमतीत बाई होये तो? अरे बाप्पा!" त्यानं अंगठ्यानं निखिलकडे दाखवलं. "हा पोट्टाही बरा आहे, पण मनगट कडक आहे याचं. वसंताचा हात कसा, पाण्यावानी."

तो माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघत होता. म्हणून विचारलं, "काका, कोणी पाठ फिरवून बोललं तर समजे का तुम्हाले?"

"ओठच नाही दिसले तर काय कपाळ समजन?" तो हसला. "पण एवढं समजे, का यानं तोंड फिरवलं. बाजूचा गडी पाठ करून उभा राहिला का आम्ही म्हणो, याच्या मनात काही आहे आणि याले ते सांगायचं नाही."

"मग?"

"मग काय? विचारायचं नाही. त्याच्या साच्यावर नजर ठेवायची. त्याचा धागा तुटला तर आपण बांधून द्यायचा."

मी बरं म्हणालो आणि बाहेर आलो. गाडी कुठं लावली ते सापडेना. तीन चकरा मारल्या.

म्हणजे शब्द तुला कळले नसतील. पण मी तोंड फिरवलं, एवढं तुला नक्की दिसलं होतं. आणि तू गिरणीच्या रीतीनं वागला. विचारलं नाहीस. नजर ठेवली. पण मामा, मी काही साचेवाला नव्हतो ना! मला विचारलेलं चाललं असतं. एकदा "काय म्हणाला गा?" एवढं म्हटलं असतं, तर मी वळून पुन्हा सांगितलं असतं. बहुतेक. नक्की नाही.

उद्या सकाळी नंदनवनला मामीकडे जातोय. तिचे कान चांगले आहेत, फाटकातून पुटपुटलो तरी तिला ऐकू जाईल. तरी तिच्या समोर बसणार आहे, उजेडात, तोंड तिच्याकडे करून. तेच वाक्य, तेवढ्याच मोठ्यानं. ती काय म्हणेल ते मला माहीत नाही. घराबाहेरही काढेल कदाचित. पण ती बोलेपर्यंत मी जागचा हलणार नाही, आणि दुसरीकडे बघणारही नाही. हा शब्द तुला देतो.

तुझा भाचा,
पवन