ड्राय फोर्क केंद्राची तेरावी मतपत्रिका

ड्राय फोर्क, टिबेट्स काउंटी
२९ ऑक्टोबर १९७८

लवीना ऑगस्टा टॉर्गरसन हिस,
स. न. वि. वि.

तुला जाऊन आज दहा दिवस झाले. उत्तराची अपेक्षा नसताना पत्र लिहिणे हा कागदाचा अपव्यय आहे, हे मला मान्य आहे. परंतु दिवसभराचा अहवाल तुला देण्याची चव्वेचाळीस वर्षांची सवय आहे, आणि सर्वांत जवळचे घर साडेचार मैलांवर आहे.

माझी प्रकृती ठीक. शेजाऱ्यांनी (हा शब्द आपल्याकडे बारा मैलांपर्यंत चालतो) नऊ भांडी भरून जेवण आणून दिले. त्यांपैकी आठांत शेवया, कोंबडी आणि अळंबीचे सूप एकत्र भाजलेले होते. नववे ओर्व्हिल क्रॅट्झचे. ते त्याने स्वतः रांधले होते. भांडे परत करण्याची मुळीच घाई करू नकोस, परत आले तर पुन्हा काही रांधावे लागेल, असे त्याने दारातच सांगून टाकले. कुत्र्याने ते हुंगले आणि तो अंगणात निघून गेला.

आता मुख्य विषय. येत्या ७ तारखेला मतदान आहे. आपली काउंटी मोडून शेजारच्या काउंटीत मिसळावी काय, हा प्रश्न. आपल्याकडे वाळूच्या टेकड्या सातशे चौरस मैल, माणसे चारशे नऊ (गेल्या महिन्यात चारशे दहा), किराणा दुकान एक, शेरीफ एक, आणि रुग्णवाहिकेचा चालकही तोच. माझे मत तुला ठाऊक आहे : मिसळावी. तू अंगणात पडलीस तेव्हा रुग्णवाहिका यायला दोन तास दहा मिनिटे लागली, कारण शेरीफ काउंटीच्या दुसऱ्या टोकाला कुणाची तरी गाय शोधत होता.

तुझे मतही मला ठाऊक आहे. मेल्यावरसुद्धा मला पत्ता बदलायचा नाही, असे तू इस्पितळातल्या परिचारिकेला सांगितलेस, मला खोलीबाहेर जायला लावलेस आणि टपाली मतपत्रिका भरलीस. पाकीट बंद करून त्याच्या पाठीवर सही केलीस. ते टपालपेटीत टाकले मीच.

चव्वेचाळीस वर्षे आपण अकरा मैल गाडी हाकत एकमेकांचे मत खोडायला जात होतो. दोघांनी घरीच बसावे, तेवढेच पेट्रोल वाचेल, असे ओर्व्हिलने एकदा सुचवले होते. त्यावर तू म्हणालीस की, या माणसाचा भरवसा नाही, माझा डोळा लागला की हा जाऊन मत देऊन येईल. मी तसे केले नसते, हे येथे नोंदवतो.

अडचण अशी की, मतदानाच्या दिवसापूर्वी मतदार वारल्यास त्याची टपाली मतपत्रिका मोजता येत नाही. आणि आपल्या केंद्राचा केंद्राध्यक्ष मी आहे.

लोभ होता तसा राहावा, ही विनंती आता गैरलागू नसेल तर.

तुझा,
अल्विन


काउंटी कचेरी, टिबेट्स सेंटर
१ नोव्हेंबर १९७८

ती. अल्विनभावोजींस,
हेडाचा सा. न. वि. वि.

तुमच्या केंद्राच्या सामानाबरोबर ताईचं पाकीटही पाठवते आहे. काउंटीची कारकून म्हणून तुम्हाला नियम कळवणं माझं काम, पण तो तुम्हाला झोपेतही पाठ असेल. तरी एक गोष्ट डोळ्यांखालून घाला. कुणीतरी लेखी हरकत घेतली तरच पाकीट बाजूला ठेवायचं. हरकत आली नाही तर ते उघडायचं आणि मत पेटीत टाकायचं.

आता ताईची धाकटी बहीण म्हणून लिहिते. ड्राय फोर्कला जिवंत मतदार बारा. मी एकाला फोन केला. टेलिफोनची तार सगळ्यांची एकच, त्यामुळे तुम्ही सोडून सगळ्यांनी ऐकलं; दुसऱ्यांचं बोलणं ऐकणं तुमच्या नियमात बसत नाही. कुणाचीच हरकत नाही. ओर्व्हिल म्हणाला की, लवीना जिवंतपणी कधी गप्प बसली नाही, आता तिला गप्प बसवणारे आपण कोण? इडा प्रोखास्का तुमच्या शेजारी नोंदवही घेऊन बसणार आहे. ती म्हणाली की, तिचं लक्ष विणकामाचे टाके मोजण्यात असेल, तिला काही दिसणार नाही. तुम्ही फक्त दोन मिनिटं हवा कशी आहे ते बघायला बाहेर जा.

भावोजी, दोन्ही बाजू अगदी तोडीस तोड आहेत. आपल्याकडे कोण कुठे खूण करणार हे करणाऱ्याच्या आधी गावाला कळतं. एका मतावर सगळं अडणार आहे. काउंटी गेली तर माझी खुर्चीही जाईल, तेव्हा मी काही निःस्वार्थी नाही, कबूल. पण ताईने हातात पेन धरून शेवटचं जे लिहिलं ते त्या पाकिटात आहे. ते तुमच्याच हातून फेटाळलं गेलं, तर ती तिकडे तुमच्याशी बोलणं टाकेल, आणि तुम्हाला ते कळणारसुद्धा नाही.

शेवया सोडून दुसरं काहीतरी खात जा.

लोभ आहे. तो वाढवायचा की नाही, ते सात तारखेनंतर ठरवीन.

तुमची,
हेडा


ड्राय फोर्क
४ नोव्हेंबर १९७८

सौ. हेडा हिस,
अ. उ. आ.

सामान पोचले. मतपत्रिका बारा, पेन्सिली चार, पाकीट एक. यादीबरहुकूम आहे.

हवा पाहण्यासाठी बाहेर जावे, ही तुझी सूचना व्यवहार्य नाही. आपले केंद्र भरते त्या शाळेच्या खिडकीतून चाळीस मैलांची हवा दिसते. हे इडालाही ठाऊक आहे.

हरकत मी घेईन. लवीना माझ्या बाजूची असती तर मी नियम पाळला असता, याविषयी तुझ्या मनात शंका नसावी. ती विरुद्ध बाजूची आहे म्हणून मोडला, तर पुढच्या वेळी कोणत्या तोंडाने पाळू?

तथापि एक गोष्ट तुझ्याखेरीज कुणाला लिहिण्याजोगी नाही. तिचे मत बाद झाले की माझे मत खोडणारे कुणी उरत नाही. लग्नानंतर प्रथमच ते एकटे उभे राहील, आणि तुझा हिशेब बरोबर असेल तर काउंटी तेवढ्यानेच मोडेल. माझी बाजू चूक आहे, असे मला वाटत नाही. ते दोन तास दहा मिनिटे मी घड्याळात पाहिले आहेत. परंतु हा लाभ मला ती गेल्यामुळे मिळतो आहे, आणि तो घ्यावा कसा, हे कुठल्याही नियमात लिहिलेले नाही.

शेवया संपल्या. लोभाविषयीचा निर्णय सवडीने कळवावा.

तुझा,
अल्विन टॉर्गरसन


ड्राय फोर्क
८ नोव्हेंबर १९७८

लवीना हिस,
स. न. वि. वि.

काल सकाळी आठ वाजता केंद्र उघडले. पावणेदहापर्यंत अकरा जणांनी मत दिले. बारावा मी. कायद्याप्रमाणे रात्री आठपर्यंत थांबणे भाग होते. इडाने तेवढ्या अवधीत दीड बाही विणली. ओर्व्हिल मत देऊन घरी गेलाच नाही. येथली शेगडी चांगली आहे, हे कारण त्याने दिले.

बारा वाजता मी हरकतीचा अर्ज भरला. हरकतीचे कारण : मतदार मृत. माहितीचा आधार : पती. इडाने तो वाचला, विणकाम खाली ठेवले आणि खिडकीशी जाऊन बराच वेळ हवा पाहिली. ओर्व्हिल मला म्हणाला की, तीस वर्षे तुला बरोबर असताना पाहतो आहे, पण त्याचा तुला कधी आनंद झालेला पाहिला नाही, आणि आज तर नाहीच नाही. मी शेगडीत लाकूड घातले.

आठला दहा मिनिटे असताना मी स्वतःची मतपत्रिका घेतली. शेरीफ, न्यायाधीश, खजिनदार, सर्वत्र खुणा केल्या. काउंटीच्या प्रश्नापाशी पेन्सिल थांबली. मी आजवर तुझ्याविरुद्ध मत देत आलो. तू नसण्याचा फायदा घेऊन मत देणे ही निराळी गोष्ट आहे. तू असतीस तर आपल्या दोघांची बेरीज शून्य झाली असती. मी दोन्ही चौकटी कोऱ्या ठेवल्या, कागद दुमडला आणि पेटीत टाकला.

मोजणीत ड्राय फोर्कची मते अशी निघाली : मिसळावी पाच, राहावी सहा, कोरी एक. कोरी कुणाची, असे ओर्व्हिलने विचारले. मतदान गुप्त असते, असे मी सांगितले. त्यावर ओर्व्हिलने माझा कोट आणून दिला.

आज पेटी घेऊन टिबेट्स सेंटरला गेलो. हेडाने साऱ्या काउंटीची बेरीज केली : एकशे एक्केचाळीस आणि एकशे एक्केचाळीस. तिने ती पुन्हा केली. तिसऱ्यांदा शेरीफकडून करवली. समसमान मते पडल्यास प्रश्न फेटाळला जातो. काउंटी राहिली. तुझा पत्ता बदललेला नाही.

तुझे पाकीट उघडले असते आणि मीही मत दिले असते, तरी निकाल हाच लागला असता, हे मी हेडाला आकडे मांडून दाखवले. ती म्हणाली की, तुमच्यासारख्या माणसाबरोबर ताईने चव्वेचाळीस वर्षे काढली, याबद्दल काउंटीने तिचा पुतळा उभारायला हवा. मग टेबलाला वळसा घालून ती माझ्याजवळ आली आणि माझ्या कोटाची बाही धरून उभी राहिली. शेरीफला बाहेर काम निघाले.

बाद पाकिटे बावीस महिने तिजोरीत राहतात आणि नंतर न उघडता जाळली जातात. तुझी सही आहे तेवढा कागदाचा भाग मला मिळेल काय, असे मी विचारले. नियमात बसत नाही, असे हेडा म्हणाली. बसत नाही, हे मलाही मान्य करावे लागले. तिने पाकीट माझ्यासमोर टेबलावर ठेवले आणि टाइपरायटरची फीत बदलायला आतल्या खोलीत गेली. फीत बदलायला सहसा पाच मिनिटे लागतात. तिला पंचवीस लागली. तेवढा वेळ मी सही पाहत बसलो.

त्याच टेबलावर आणखी एक अर्ज लिहून दिला. रुग्णवाहिकेसाठी दुसरा चालक नेमावा, आणि गाय हरवल्यास त्याला पाठवू नये. उमेदवाराचे नाव : अल्विन टॉर्गरसन. वय सदुसष्ट, दृष्टी चांगली, रस्ते सर्व पाठ.

तुझ्या लोभात अंतर पडले नसावे, असे धरून चालतो.

तुझा,
अल्विन

ता. क. ड्राय फोर्क केंद्राच्या दाराला काल आठ वाजून पस्तीस मिनिटांनी कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या आज काउंटी कचेरीत परत केल्या.