चालू मशीनमधून डबी काढताना

४ मार्च, मंगळवार

सापडला तो दोष! किती दिवस छळत होता मेला.

रुग्णाच्या खाटेशेजारचं आमचं मॉनिटर. त्याच्या कडेला एक डबी बसते, छातीवरच्या तारा त्या डबीला. मशीन चालू असतानाच डबी काढायची, पुन्हा बसवायची, आणि काही अडता कामा नये. हे सांभाळणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहिलेला. पण डबी काढताना क्वचित पडदा गोठायचा — आणि गोठला की जुनाच आकडा दाखवत राहायचा. माणूस जाईल, पडदा म्हणेल ठोके उत्तम!

कारण काय, तर डबी एका झटक्यात निघत नाही. निघता निघता टोकं टेकतात, सुटतात. मशीनच्या गाभ्यातल्या प्रणालीकडे, म्हणजे कर्नलकडे, निरोपावर निरोप — गेली, आली, गेली! आणि माझा ड्रायव्हर जुनीची आवराआवर अर्धवट टाकून नवीच्या स्वागताला धावतो. आता सगळे निरोप एका रांगेत. एकाचं उरकल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. इतकं साधं!

५ मार्च, बुधवार

रांग चालली. आज मला कुणी काही बोलू नये, मी हवेत आहे.

१० मार्च, सोमवार

खेचू — आमचा टेस्टर, डब्या खेचणं हेच काम म्हणून हे नाव — सकाळपासून खेचत होता. सरळ, तिरकी, हिसडा मारून. सगळं पास! आणि निघताना म्हणतो, "एकदा गोठला गं." नोंदीत काही नाही. परत करून दाखव म्हटलं तर जमेना.

"तुझ्या हातानं सॉकेट झिजलंय," मी म्हटलं. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

तो हसला नाही. "सही तुझी आहे," एवढंच. साहेबांना ड्रायव्हरची नवी आवृत्ती आजच हवी होती. केली सही, बिनधास्त. उगाच शंका काढत बसणाऱ्यांचा मला राग येतो.

२ एप्रिल, बुधवार

बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन नीट पार पडलं. आई दारातच रडली, मग मीही. आत गेले तर खाटेशेजारी आमचंच मॉनिटर! आवृत्तीही माझीच. काय वाटलं म्हणून सांगू! आईला समजावून सांगितलं. तिला एवढंच कळलं की लेकीनं काहीतरी मोठं केलंय. लगेच शेजारच्या खाटेवाल्यांना सांगून मोकळी.

बाबा गुंगीत म्हणाले, "म्हणजे आता सगळी भिस्त तुझ्यावर."

"निवांत झोपा," म्हटलं.

३ एप्रिल, गुरुवार

बाबांना तपासणीला न्यायचं होतं. एक तार सुटून अलार्म ठणाणा वाजत होता, आणि तो वाजत असतानाच सिस्टरनी डबीला हात घातला. मी त्यांचं मनगट धरलं. ऑफिसात आम्ही अलार्म बंद करूनच खेचतो — सगळ्यांचे कान किटतात म्हणून! वाजताना डबी गेली, तर अलार्मचा टायमर कोण थांबवतं? माझ्या ड्रायव्हरमध्ये — कुणीच नाही; तो गेलेल्या डबीलाच विचारत बसणार, आणि पडदा गोठणार.

"अहो ताई, असंच काढतो आम्ही," सिस्टर म्हणाल्या. "सगळ्या वॉर्डांत."

मी त्यांचं मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हातानं खेचूला फोन लावला — आवृत्ती मागे घे, सगळीकडची, आत्ता.