साडेनऊला मिटणारी चौकट

प्रिय रिगमोर मावशीस,

एस्किलचा नमस्कार. गुडघा बरा आहे असं तू फोनवर म्हणालीस, पण ज्या घाईनं म्हणालीस त्यावरून तो बरा नसावा असा माझा समज झाला आहे. काकांना विचारलं तर तेही तेच शब्द त्याच क्रमानं बोलले, म्हणजे तुम्ही दोघांनी आधी ठरवलं असणार. असो. जिना चढू नकोस. मी ठीक आहे. (हे खरं नाही, पुढे कळेलच.)

विलाड्स यांनी त्यांच्या नाताळच्या झाडांच्या मळ्यावर मला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं, हे तुला माहीत आहे. कार्यालयातल्या संगणकावर झाडांचा तक्ता बांधणं हे माझं काम. तक्त्यातल्या चौकटीवर दोनदा टिचकी मारली की ती लिहिण्यासाठी उघडते. तारखेची असेल तर आत इवलंसं कॅलेंडर निघतं, उंचीची फक्त आकडे घेते, आणि झाडांना बांधायच्या चिठ्ठीच्या रंगाची असेल तर खाली यादी सुटते: लाल म्हणजे यंदा तोडायचं, पांढरा म्हणजे अजून वाढू द्यायचं. मग एंटर दाबलं की चौकट मिटते आणि लिहिलेलं पक्कं होतं. पण कुणी एंटर दाबलंच नाही तर? तंत्रशाळा मी दुसऱ्या वर्षी सोडली, त्यामुळे यावर शिकलेल्या लोकांचं मत काय ते मला ठाऊक नाही. मी माझ्या मतानं ठरवलं. ज्यानं एंटर दाबलं नाही त्याचा आपल्या लिहिण्यावर स्वतःचाच विश्वास नाही (किंवा कुणाचं कोपर टेकलं असेल, किंवा मांजर चालून गेलं असेल), तर तो आपण का ठेवावा? म्हणून दोन मिनिटं वाट पाहून चौकट आपोआप मिटावी आणि जुनं होतं ते परत यावं, अशी सोय करून ठेवली. या सोयीचा मला फार अभिमान होता.

नोव्हेंबरात तोडणी लागली आणि चौदा नंबरच्या तुकड्यातली दोनशे दहा झाडं आडवी झाली. कमरेएवढीच होती बिचारी. कार्यालय सांभाळणारी बोडिल शपथेवर सांगत होती की तिनं तो तुकडा पांढरा केला होता. तक्त्यात तर लाल. कोणती चौकट कधी मिटली याची वेळ मी गुपचूप टिपून ठेवतो (कुणाला सांगू नकोस). ही मिटली होती नऊ बत्तीसला. आणखी पाच चौकटी बिघडलेल्या सापडल्या, सगळ्या साडेनऊच्या जरा पुढे. आता मावशी, साडेनऊला आपल्याकडे खुर्चीत कोण असतं? थर्मास टेबलावर आला की घराला आग लागली असली तरी माणूस आधी कप घेतो. म्हणजे जो कॉफीला नसतो तोच गुन्हेगार. मळ्यावर असा एकच, टाये. एकतीस वर्षं इथे झाडं छाटतो आणि कॉफी पीत नाही. ते मला पहिल्याच दिवशी खटकलं होतं.

मी विलाड्स यांना दोन पानं लिहून दिली. त्यांनी टायेला बोलावून ती मोठ्यानं वाचली. तो टोपी हातात धरून शेवटपर्यंत ऐकत होता. मग पानं मागून घेतली, पाहिली आणि मला म्हणाला, "अक्षर सुरेख आहे रे. शुद्धलेखनाचीही एक चूक नाही." कोठाराची किल्ली खिळ्याला अडकवली आणि गेला. सोमवारपर्यंत त्यानं घरी बसायचं आहे. सोमवारी त्याला काढायचं की ठेवायचं ते ठरेल.

एवढ्यावर मी स्वस्थ बसायला हवं होतं. पण एकट्या टायेला हे जमणार नाही, आत कुणीतरी सामील असणार, असं वाटून मी कीबोर्ड पुसण्याच्या निमित्तानं बोडिलच्या मागे बसलो. तिनं बावीस नंबरची चौकट उघडली, यादीतून पांढरा निवडला, आणि तेवढ्यात थर्मासचं झाकण वाजलं. ती उठलीच. एंटर राहिलं, असं मी म्हणालो.

"चल रे कॉफीला," ती म्हणाली. "चौकट काय पळून जाते?"

मी तिथेच बसलो. दोन मिनिटांनी चौकट आपणहून मिटली आणि आत लाल आलं. वेळ टिपली गेली, नऊ बत्तीस.

हे माझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही. पाव तासात मी ती सोय काढून टाकली. आता माणूस उठून गेला तरी त्यानं निवडलेलंच राहतं. काल विलाड्स सगळ्यांसमोर म्हणाले, टाये गेल्यापासून एक चौकट बिघडलेली नाही, पोराचं डोकं चालतं, याला कायम करू. बोडिलनं माझ्यासाठी केक आणला. तो मी खाल्ला.

तुझा भाचा,
एस्किल

ता. क. सोबत विलाड्स यांच्या नावाचं बंद पाकीट आहे. त्यात वरचं सगळं लिहिलं आहे, सोय कुणी केली हेसुद्धा. मी ते चार वेळा त्यांच्या दारापर्यंत नेलं आणि परत आणलं. तुझं घर त्यांच्या वाटेवरच आहे. रविवारी ते चर्चला जाताना थांबव आणि त्यांच्याच हातात दे.

ता. क. २. पाकीट देऊ नकोस असं सांगायला मी फोन करीन, बहुधा शनिवारी. कारणं अगदी पटण्याजोगी असतील. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.