न घेतलेलं नाव

मु. रायखेडा, ता. जिंतूर, जि. परभणी
८ डिसेंबर २०२४

चि. संघप्रिया हिस,
आजीचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मनिषानं दोनदा वाचून दाखवलं. पोस्टमन म्हणला, आता पत्रं कोण लिहितं म्हातारे, नातीला फोन लाव की. मी म्हणलं, बाबा, फोन लावला की समद्या गल्लीला ऐकू येतं, मला सोडून. अन् आपल्या केसचं बोलणं गल्लीनं ऐकावं असं न्हाई.

तू लय वाळलीस असं मनिषा फोटू बघून म्हणली. नीट जेवत जा. वकिलाचा कोट अंगाला भरला पाहिजे, न्हाईतर कोर्टात कोट उभा राहील अन् तू आत हुडकावी लागशील.

कोर्टाचा कागद आलाय. जानेवारीत परभणीला माझी साक्ष हाय, अन् माझ्यामागून बबिताची. सरकारी वकिलाला द्यायचंय म्हणून तू त्या दिवशीचं समदं क्रमानं विचारलंस. मी मनिषाला म्हणलं, हे दुसऱ्या कोणाकडून लिहून घेते, तुझ्याच नवऱ्याचं हाय. ती म्हणली, मीच लिहिते. तर लिहायलीय.

मी अन् गल्लीतली बबिता आपल्या रानात कापूस वेचत होतो. आपल्या रानाचा रस्ता शेजारच्या बांधाच्या दिनकररावानं मोडला होता, तो तुझ्या दादानं, नागेशनं तहसिलीत अर्ज देऊन मोकळा करून घेतलेला. तुला ठाऊकच हाय. त्या सकाळी दिनकररावाचं धाकटं पोरगं ट्रॅक्टर घेऊन आलं अन् पुन्हा रस्त्यात नांगर घालायलं. नागेश आडवा झाला. हात जोडूनच बोलत होता. पोरगं खाली उतरलं, जॅकची लोखंडी टामी काढली अन् डोक्यात घातली. खाली पडल्यावर अजून एकदा. मी वटीतला कापूस सांडत पळाले.

मनिषा थांबली हाय. पाणी पिऊन येती.

दवाखान्यात जमादार आला. कोणी मारलं म्हणला. मी म्हणलं, दिनकररावाच्या धाकट्यानं. तो म्हणला, नाव सांग. आता नाव कसं सांगू? त्या पोराचं अन् तुझ्या आज्याचं नाव एकच. या घरात आले तवापासून ते नाव मी तोंडातून काढलं न्हाई. बाईनं नाव घेतलं की धन्याचं आयुष्य तुटतं, असं सासूनं पहिल्याच दिवशी बजावलेलं. आज्जा जाऊनही वीस वर्षं झाली, आता तुटायला राहिलंय काय, पण जीभच उचलत न्हाई. सासू मोठी हिमतीची. धम्म घेतला तवा घरातले समदे देव तिनं पूर्णा नदीत सोडले. ही एक रीत तेवढी सोडायची राहून गेली.

मी जमादाराला म्हणलं, माझ्या धन्याच्या नावाचा हाय तो. त्यानं धन्याचं नाव विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. तिथं आपलं दुसरं कोणी नव्हतं. मनिषा बेसुध, तू हॉस्टेलात. त्यानं काय लिहिलं कोण जाणे. अंगठा दिला.

(ते नाव आजींनी अजूनही घेतलं नाही. मी लिहिते. मुंजाजी. — मनिषा)

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आजी,
मालनबाई


छत्रपती संभाजीनगर
१९ डिसेंबर २०२४

ती. आजीस,
संघप्रियाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र सरकारी वकिलांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बाई फार नीट सांगतात म्हणाले. एवढ्यावर फुगू नकोस.

आता मी सांगते ते मनिषावहिनीकडून दोनदा ऐक. जमादाराने कागदावर ‘दिनकररावांच्या मुलाने’ एवढंच लिहिलंय. तुझा ‘धाकटा’ गाळून टाकलाय. दिनकररावांना मुलगे दोन. थोरला हरिओम त्या दिवशी माल घेऊन परभणीच्या मोंढ्यात गेला होता, हे आपल्याला माहीत आहे, कागदाला नाही. तुझ्या जबाबात मुंजाजीचं नाव आलं ते दादाच्या पुण्यानुमोदनानंतर, मी तुला पोलिसांच्या मोठ्या साहेबांकडे नेलं तेव्हा. तेही तू नाही घेतलंस, मी उच्चारलं आणि तू मान हलवलीस. दोन कागदांमधल्या त्या दिवसांवर त्यांचा वकील बोट ठेवणार. तुम्ही घरात बसून नाव ठरवलंत, असं म्हणणार.

म्हणून कोर्टात तुला ते नाव तुझ्या तोंडाने घ्यावंच लागेल. मान हलवलेली कोर्टाला चालत नाही. आतापासून सवय कर. आधी का घेतलं नाहीस असं विचारलं तर जे आहे तेच सांग. न्यायाधीशही कुणाच्या तरी आजीच्या हाताखालीच वाढलेले असतात, त्यांना कळेल. शिवाय बबिताकाकूंनी त्याच संध्याकाळी पोलिसांना नाव सांगितलंय. डोळ्यांनी पाहणाऱ्या दोघी आहेत, आपली बाजू पक्की आहे.

आणखी एक. तिथे थट्टा करायची नाही. न्यायाधीशांना बाबा म्हणायचं नाही. नेमकी त्याच दिवशी माझी परीक्षा आहे. तू म्हणालीस तर बुडवते.

वहिनीला सांभाळ. आशीर्वाद आहेतच, थोडे जास्त पाठव.
तुझी,
संघप्रिया


मु. रायखेडा
२७ जानेवारी २०२५

चि. संघप्रिया हिस,
आजीचा जयभीम. वि. वि.

परीक्षा बुडवली न्हाईस हे बेस केलंस. इथं बघण्यासारखं काही नव्हतं.

नावाची सवय तू सांगितल्यासारखी केली. पहिल्यांदा शेळीपुढं घेतलं. ती पाला टाकून माझ्याकडं बघत राहिली. मग भिंतीपुढं. मग एकदा आज्याच्या फोटूपुढं. फोटू पडला न्हाई, फुटला न्हाई. मी म्हणलं, बघा, उगंच इतकी वर्षं तुम्हाला ‘अहो ऐकलं का’ करत बसले.

कोर्टात शिपायानं माझ्या नावाची अशी आरोळी ठोकली की मीच दचकले. पिंजऱ्यात उभी राहिले. समोर ते पोरगं, इस्त्रीचा सदरा घालून. कोणी मारलं विचारलं तवा सांगितलं, मुंजाजीनं. खणखणीत सांगितलं. लग्नात पाहुण्यांनी दार अडवलं तरी निघालं न्हाई ते नाव, सरकारपुढं निघालं. मनिषा बाकावर बसून रडायली होती.

मग त्यांचा वकील उठला. लय गोड बोलतो. मला आई म्हणला. ह्याला कधीपासून ओळखता, विचारलं. मी म्हणलं, ह्याच्या बारशाला ह्यांचं अंगण मीच सारवलंय. तो म्हणला, मग एवढ्या ओळखीच्या पोराचं नाव पहिल्या दिवशी कसं सुचलं न्हाई? मी रीत सांगितली. तो म्हणला, हे कारण जमादाराच्या कागदात न्हाई, मोठ्या साहेबांच्या कागदातही न्हाई, आजच ऐकायलोत. मी म्हणलं, आजवर कोणी विचारलंच न्हाई. मग त्यानं विचारलं, मालक वारून किती वर्षं झाली. सांगितलं. अन् मग हळूच म्हणला, आई, तुम्ही तर तो धर्म कवाच सोडला, मग ही रीत कुठली पाळता?

मागं लोक हसले. जजसाहेब हसले न्हाईत, लिहून घेत होते. हसले असते तर बरं झालं असतं, आपल्या घरातली म्हातारीबी अशीच हाय, असं वाटलं असतं त्यांना.

तो म्हणला, नातीनं नाव शिकवलं. मी म्हणलं, नातीला मी शिकवलं बोलायला. वकिलानं तेच कागदावर घ्यायला लावलं, की आज्जी-नात एकमेकीला शिकवतात. तू थट्टा करू नको म्हणली होतीस.

मग बबिता आली. खाली फरशीकडं बघत म्हणली, माझी पाठ होती, मी वेचत होते, मला काही दिसलं न्हाई. पोलिसाला नाव सांगितलं का, तर न्हाई. सरकारी वकिलानं तिला फितूर म्हणून टाकलं. फितूर म्हणलं की काम झालं त्यांचं. तिचा नवरा दिनकररावाच्या रानातल्या आखाड्यावर सालगडी हाय, पोरं त्याच आखाड्यावर निजतात. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मला इचारू नको.

येताना एकाच एसटीत आलो. तिनं माझं तिकीट काढलं. मी काढू दिलं.

पेपर कसे गेले ते कळव. आजीवरची माया आटू देऊ नकोस.
मालनबाई


छत्रपती संभाजीनगर
२० जून २०२५

ती. आजीस,
सविनय जयभीम. वि. वि.

मुंजाजी निर्दोष सुटला, हे तुला गावातल्या फटाक्यांनी आधीच कळलं असेल. निकालाची प्रत मी काल मिळवली. वहिनी, हे वाचून दाखवणं जमणार नसेल तर आजीला तोंडी सांगा.

आजी, कोर्टाने तुला खोटं म्हटलेलं नाही. नागेशदादाचा खून झाला, हे कोर्टाला मान्य आहे. तू तिथे होतीस, हेही मान्य आहे. फक्त तो कुणी केला, हे शंकेपलीकडे सिद्ध झालं नाही. जन्मापासून ओळखीच्या माणसाचं नाव पहिल्या जबाबात येत नाही, हे अनैसर्गिक वाटतं, असं लिहिलंय. त्यासाठी दिलेलं कारण साक्षीच्या वेळीच प्रथम पुढे आलं, असं लिहिलंय. टामीवरचं रक्त कुणाचं हे प्रयोगशाळेला सांगता आलं नाही. टामी जप्त करताना उभा असलेला पंच म्हणाला, मी कोऱ्या कागदावर सही केली. आणि मग, संशयाचा फायदा. तुझ्या साठ वर्षांच्या रीतीला अडीच ओळी मिळाल्या.

शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराधाला शिक्षा होऊ नये, हे तत्त्व मी गेल्या वर्षी पेपरात लिहिलं होतं. सरांनी तो पेपर वर्गात वाचून दाखवला होता.

मला आधी बबिताकाकूंचा राग आला. मग जमादाराचा. मग, रागावू नकोस, तुझा. त्या मोठ्या साहेबांकडे मी तुझ्या शेजारीच बसले होते. नाव सांगितलं, पण आधी ते का आलं नाही हे लिहून घ्या म्हणायला मला सुचलं नाही. ती रीत मला इतकी माहीत होती, की कुणाला ती सांगावी लागेल असं वाटलंच नाही. कायदा शिकत होते मी.

आणखी एक गोष्ट आहे, ती दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. न्यायाधीशाच्या जागी मी असते, तुला ओळखत नसते आणि समोर तेवढेच कागद असते, तर मीही हेच लिहिलं असतं. हे कळल्यापासून पुस्तक उघडवत नाही.

सरकार अपील करील किंवा करणार नाही. आपल्यालाही उच्च न्यायालयात करता येतं. वर्षं जातात. सुटलेला माणूस पुन्हा आत जाणं दुर्मीळ. करू का? आणि मी हे शिकणं पुढे चालू ठेवू का? तू सांगशील तसं.

माझ्यावर लोभ उरला असेल तर तेवढा असू दे.
संघप्रिया


मु. रायखेडा
१२ ऑक्टोबर २०२५

चि. संघप्रिया हिस,
आजीचा जयभीम. वि. वि.

उत्तराला लय उशीर केला. मनिषा लिहायला बसायची, अन् मला बोलायला काही सापडायचं न्हाई. माझं असं कधी झालंय का? गावात कोणाला खरं वाटणार न्हाई.

अपिलाच्या कागदावर तू अंगठा घेऊन गेलीस, चांगलं केलंस. पण तारखेची वाट बघायला मला लावू नको. मी माणसाची वाट बघितलेली बाई, तारखेची बघणं मला जमत न्हाई. अन् तवाच शिकणं सोडते म्हणलीस. सोडून काय करशील? कापूस वेचायला ये, पण वाटेवर चिखल लय हाय. आपला रस्ता त्यांनी पुन्हा नांगरला. आता त्यात सोयाबीन काढायलेत. मी अन् मनिषा ओढ्यातून वळसा घालून जातो. तहसिलीत अर्ज कर, असं सरपंच म्हणला.

तुला माझा राग आला म्हणलीस. येऊ दे. मला कोणाचा यावा ते ठरंना झालंय. जमादाराचा म्हणावं तर त्यानं विचारलं होतं नाव. बबिता रोज आमच्या दारावरून मान खाली घालून जाती. त्या जजनं कागद बघून लिहिलं, कागदात मी नव्हतेच. समदेच आपापल्या जागी बरोबर हायेत, पोरी. फक्त नागेश न्हाई.

आता एक सांगते. मनिषाला हे लिहायला आवडायलं न्हाई, पण मी सांगायलेय म्हणून लिहायलीय. कोर्टात ते नाव घेतलं तवापासून जीभ सुटलीय. मुंजाजी रोज सकाळी मोटारसायकलीवर आपल्या दारावरून देवगाव फाट्याला जातो. दूधवाल्याच्या गाडीचा ओळखावा तसा त्याच्या गाडीचा आवाज मी ओळखते. परवा मी दारात बसले होते. तो पुढं गेला, अन् मी मोठ्यानं हाक मारली. नुसतं नाव. समद्या गल्लीनं ऐकलं. मोहऱ्या निवडणाऱ्या बायांचे हात थांबले.

त्यानं गाडी थांबवली. एक पाय खाली टेकवला अन् मागं वळून म्हणला, काय आजी, काही काम होतं का. अदबीनं म्हणला. मनिषा आतून धावत दारात आली.

मला वाटायचं, एवढं नाव बाहेर पडलं की त्याच्यामागं समदं येईल. इतकी वर्षं ते नावच तेवढं अडून बसलंय, असं वाटायचं. पण पुढं काहीच आलं न्हाई. मग काही न्हाई, जा बाबा, असं मी म्हणले. तो गेला.

मनिषा तवापासून माझ्याशी बोलली न्हाई. हे पत्र तेवढं लिहायलीय.

जेवत जा. आमच्यावर माया करायला आता तूच उरलीस, तेवढी करत राहा.
तुझी आजी,
मालनबाई