एक पॉइंट जास्त

आप्पा,

काल नणंदेच्या मुलीला घेऊन आळेफाट्याला फोटो स्टुडिओत गेले होते. तिच्यासाठी स्थळं बघायला लागलेत, म्हणून चांगला फोटो हवा. स्टुडिओवाल्यानं फटाफट चार फोटो काढले, तिचा चेहरा कॉम्प्युटरवर घेतला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, किती उजळ करू?" जसं काही चहात साखर किती टाकू. पोरगी माझ्याकडे बघत होती, मी पडद्याकडे बघत होते, आणि तुमची इतकी आठवण आली की तोंडाला पदर लावून बाहेर येऊन उभी राहिले. समोरून नाशिकची गाडी गेली, सगळी धूळ अंगावर आली. तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि मला रडायला ही जागा सापडली.

तुमची नोकरी कालव्यावरची, पाणी मोजायची, पण जीव सगळा त्या कॅमेऱ्यात. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला रशियन कॅमेरा, हातात विटेसारखा जड. वारूळवाडीतलं कुणीतरी दर लगीनसराईत विचारायचंच, "साहेब, ऑर्डर घेता का?" आणि तुम्ही हसून म्हणायचात, "न्हाई राव, आपला निस्ता नाद हाय." रविवारी दुपारची जेवणं उरकली की आईचं स्वयंपाकघर तुमच्या ताब्यात. खिडकीला घोंगडी, दाराच्या फटीत फडकी, लाल दिवा, आणि ओट्यावर ओळीनं पराती. फोटो धुवायचं औषध गरम झालं तर चेहऱ्याचा चिखल होतो, म्हणून तुम्ही त्याची बाटली माठातल्या गार पाण्यात ठेवायचात आणि थर्मामीटरकडे डोळे लावून बसायचात. आई बाहेरून ओरडायची, "अवो, माठ प्यायच्या पान्याचा हाय! आन् त्या परातीत मी परत पीठ मळनार न्हाई, सांगून ठेवते!" मी आत तुमच्या शेजारी उभी, चिमट्यानं कागद हलवत. कोऱ्या कागदावर आधी केस उमटतात, मग डोळे, मग सावकाश बाकीचा माणूस. ते बघताना मी अजूनही श्वास धरते, म्हणजे आठवतानासुद्धा.

लेण्याद्रीच्या पायथ्याला एकदा मेंढरं बसली होती. एक म्हातारी धनगरीण काळी घोंगडी पांघरून उन्हात बसलेली, भोवती पांढरीधोप मेंढरं. तुम्ही मला कॅमेऱ्यावरची उजेड मोजायची सुई दाखवलीत. "ह्या मीटरला बिचाऱ्याला आक्कल न्हाई. त्याला सगळं जग राखेच्या रंगाचं वाटतं. काळं दाखव, म्हनतंय उजेड कमी हाय, वाढव. पांढरं दाखव, म्हनतंय लई झाला, कमी कर. दोन्हीची राख करून ठेवतंय." मग तुम्ही स्वतःचा तळहात उन्हात धरलात आणि उजेड त्याच्यावर मोजलात. माणूस काळा असो की गोरा, तळहात सगळ्यांचा जवळपास सारखाच, असं तुमचं म्हणणं. तळहातावर मोजलं की काळा काळाच येतो आणि गोरा गोराच. मी म्हणाले, मग झालं की, काढा. "हे झालं गणित. आता म्हातारी कॅमेरा कवा इसरती त्येची वाट बघायची." आणि तुम्ही तिच्याशी मेंढरांच्या लाळ-खुरकतावर बोलत बसलात, उन्हं उतरेपर्यंत. त्या फोटोत घोंगडीचा धागा न् धागा वेगळा दिसतो, आणि म्हातारी तिच्याच कुठल्यातरी विचारात हसते आहे.

रंगानं मी तुमच्यावर गेले. आई गोरी, आणि तिचं ठरलेलं वाक्य होतं, "नाकीडोळी नीटस हाय, फकस्त रंग बापाचा उचलला." लग्नाचं बघायला लागले तेव्हा तुम्ही माझा फोटो काढलात, पडवीच्या दारात बसवून. बाजूनं येणारा सकाळचा उजेड, अंगावर साधी सुती साडी, आणि उजेड मोजायला पुढे धरलेला तुमचा तळहात. परातीत तो फोटो वर आला तेव्हा मला वाटलं, ही कोण? गालावर कढईतल्या तेलासारखी चकाकी होती, काळ्यात किती तऱ्हा असतात ते मला त्या कागदावर पहिल्यांदा दिसलं. मी देखणी होते, आप्पा. आईलाही पटलं. म्हणाली, "लई झ्याक आलाय वो. पन पावन्यांना ह्यो कसा द्यायचा?"

दिला, आणि परत आला. पुन्हा दिला, पुन्हा परत. दर वेळी एकच निरोप, पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणी मागितलीच नव्हती. शेवटी मामा तुमच्यावर घसरला, "दाजी, तुमची कला ठिवा बाजूला. पोरीला फाट्याच्या स्टुडिओत न्या. पावडर लावून दोन दिवं मारलं की गोरीपान करून देतो." तुम्ही म्हणालात, "आन् बघायला आल्यावं काय सांगू? फोटोतली दुसरी व्हती?" मामा म्हणाला, "एकदा घरात येऊन पोहं खाल्लं की मानूस सहसा न्हाई म्हनत न्हाई." त्यावर तुम्ही उठून बाहेर गेलात. मी मागोमाग आले आणि म्हणाले, स्टुडिओ कशाला, आप्पा, तुम्हीच भिंगावरची उजेडाची कडी एक पॉइंट जास्त उघडा की. एक पॉइंट म्हणजे उजेड दुप्पट, हे मला तुम्हीच शिकवलेलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "तुला पन तसंच वाटतं व्हय?"

मग उन्हाळ्यात एका ठिकाणची मंडळी मला बघायला घरी येऊन गेली. जाताना त्यांच्यातली एक बाई आपल्याच दारात, आपल्याला ऐकू जाईल अशी बोलली, "अंधारात दात तेवढं दिसायचं." दुसऱ्या दिवशी तुम्ही कालव्यावरून लवकर आलात, पायावर पाणी घेतलंत आणि मला म्हणालात, "पिवळी साडी नेस." अंगणात भिंतीला पांढरी चादर लावलीत, मला भर उजेडात समोर बसवलंत. तळहात धरला नाहीत. कॅमेरा माझ्या तोंडाजवळ आणून सुई बघितलीत, ती म्हणाली तेवढी कडी उघडलीत, मग आणखी एक पॉइंट. फोटोत माझं नाक दोन भोकांपुरतं उरलं. आई हरखून म्हणाली, "बाई गं, केवढी उजळ!" तो फोटो मंचरला गेला आणि तिथंच मी नांदायला गेले. सासूनं मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, "पोर उनात लई राबती वाटतं," आणि विषय तिथंच मिटला. माणसं चांगली निघाली. माझं काही वाईट झालं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

तुमचं मात्र झालं. त्यानंतर तुम्ही माणसांचे फोटो काढले नाहीत. नाणेघाटाचे कातळ, धरणाचं पाणी, लेण्यांचे खांब, सगळं तुमच्या गणितानं अचूक, आणि एकातही कुणी नाही. माझं बाळ घेऊन आले तेव्हाही म्हणालात, "रोल संपलाय." शेवटच्या आजारपणात तुमच्या खाटेजवळ मी मोसंबी सोलत बसले होते. खिडकीतून उजेड येत होता. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात आणि म्हणालात, "अशीच बस. हलू नगंस." हातात कॅमेरा नव्हता, हात उचलायची ताकदही नव्हती. मी बसले, सालं मांडीवर तशीच घेऊन, तुम्हाला झोप लागेपर्यंत.

हा कागद कुठे पाठवायचा प्रश्नच नाही. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, नवऱ्यालाही नाही. त्या दिवशी पिवळी साडी नेसून बसले तेव्हा मी तुमच्या कडीवरच्या बोटांकडे बघत होते, आणि मनात एकच चाललं होतं. आता आप्पा कॅमेरा खाली ठेवतील. आता म्हणतील, "जा, हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई." मी आदळआपट केली असती, चार दिवस तुमच्याशी बोलले नसते. तरी मी त्याचीच वाट बघत होते, आप्पा. शटर पडल्याचा आवाज झाला, तरी थोडा वेळ वाट बघत होते.